दहा वर्षांची धाव, तीन वर्षांचे सर

(प्रस्तावना)

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं असेल, तर तिशीच्या आतल्या पुरुष उमेदवाराला बारा मिनिटांत १८०० मीटर अंतर धावून किंवा चालून दाखवावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचा तसा नियम आहे. चाळिशीपर्यंत हे अंतर १५०० मीटरवर येतं, पंचेचाळिशीपर्यंत १२०० वर. पदव्युत्तर पदवी हवी, नेट किंवा पीएच.डी. हवी, विद्यार्थिदशेत स्पर्धांत खेळल्याचा दाखला हवा. दुसऱ्या कुणाला पळायला शिकवलं आहे का, हा प्रश्न सुरुवातीच्या या जागेसाठी कळीचा ठरत नाही.

आंतरविद्यापीठ क्रॉस कंट्रीत उतरणारी बऱ्यापैकी तयारीची मुलगी त्याच बारा मिनिटांत तीन किलोमीटर पार करते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने जुलै २०२४ मध्ये पॅरिसला स्टीपलचेसमध्ये तेवढंच अंतर, वाटेतले अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या धरून, ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत संपवलं. अर्थात नियम लिहिणाऱ्यांना दोष देण्यात हशील नाही. त्यांना जिमखाना सांभाळणारा माणूस हवा होता आणि तसाच माणूस त्यांनी मागितला. कबड्डीच्या मॅट, क्रिकेटच्या प्रवेशिका, खेळाडूंची ओळखपत्रं, टीए-डीएची बिलं, स्नेहसंमेलनातलं संचलन हे सगळं एकाच सरांकडे असतं. छत्तीसगडच्या सरकारी महाविद्यालयांत त्यांना क्रीडा अधिकारी म्हणतात, काम तेच. क्रॉस कंट्री ही त्यांच्या रजिस्टरातली एक ओळ. तरीही अशाच सरांपैकी काही जण पहाटे पाच वाजता, ज्याचा पगार मिळत नाही अशा वेळात, पोरांना घेऊन रस्त्यावर असतात. हे पुस्तक त्यांच्याबद्दल आहे, आणि नेमणूक दुसऱ्या संस्थेची असूनही महाविद्यालयांतल्या मुलामुलींना पळवणाऱ्या प्रशिक्षकांबद्दलही.

मराठीत मैदानी खेळांवर पुस्तकं नाहीत असं नाही. पण ती बहुतेक एक तर नियमांची आहेत, नाहीतर पदकविजेत्यांच्या चरित्रांची. चरित्रात प्रशिक्षक दोन ठिकाणी भेटतो: ‘सरांनी माझ्यातले गुण हेरले’ या वाक्यात आणि शेवटच्या आभारांत. मधली वर्षं त्याने काय केलं, कुणाला कधी थांबवलं, कुणाच्या बाबतीत फसला, हे कोरंच राहतं. त्या मधल्या वर्षांसाठी हा संग्रह केला आहे.

या व्यवसायाची सगळी अडचण काळाच्या हिशेबात आहे. पदवी तीन वर्षांची. लांब पल्ल्याचा धावपटू पिकायला आठ-दहा वर्षं लागतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिसरी आली तेव्हा पंचवीस वर्षांची होती. राष्ट्रकुल स्पर्धांत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिचं सुवर्ण जेमतेम एका सेकंदाने हुकलं. सुवर्ण नेणारी प्रीजा श्रीधरनही भारताचीच. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, वय सत्तावीस. साबळेने वर सांगितलेली वेळ दिली तेव्हा तो तिशीला टेकला होता. अठराव्या वर्षी आलेलं पोर एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन जातं, म्हणजे सरांना बी पेरलेलंही दिसत नाही आणि कणीसही नाही. साबळेच्या बाबतीत तर महाविद्यालयाने एवढंही पाहिलं नाही. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचेनची नेमणूक झाली, आणि क्रॉस कंट्रीशी त्याची गाठ २०१५ मध्ये, विशीनंतर पडली.

म्हणून महाविद्यालयीन प्रशिक्षकाची कारकीर्द त्याच्या कपाटातल्या ढालींवरून मोजू नये, असं माझं मत आहे. एकविसाव्या वर्षी त्याच्या हातून बाहेर पडणारी मुलगी गुडघे शाबूत घेऊन, पळण्याची भूक घेऊन जाते का, यावर ती मोजावी. संग्रहातल्या सगळ्यांना हे पटेल असं नाही. काहींनी मला तोंडावर सांगितलं, की प्राचार्य ढालीच मोजतात.

क्रॉस कंट्री जन्मली शाळेतच. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेची क्रिक रन ही धाव १८३० च्या दशकापासूनची. पुढे धावणाऱ्या दोघातिघांनी कागदाचे कपटे टाकत जायचं आणि बाकीच्यांनी त्या मागावर शेतं, कुंपणं, ओढे ओलांडत पाठलाग करायचा, असा तो खेळ होता. १८६८ मध्ये लंडनजवळ थेम्स हेअर अँड हाउंड्स हा क्लब निघाला. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार तीनदाच झाला: १९१२, १९२० आणि १९२४. पॅरिसच्या त्या शेवटच्या शर्यतीत उन्हाने कहर केला. अडतीस जण सुटले, पंधरा जण पोहोचले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी जणू सकाळचा फेरफटका मारून आल्यासारखा पहिला आला, पण वाटेत कोसळलेल्यांची दृश्यं पाहून संयोजकांनी हा प्रकारच काढून टाकला. त्यानंतर क्रॉस कंट्री जगली ती क्लबांच्या, सैन्याच्या आणि मुख्यतः शाळा-महाविद्यालयांच्या आधाराने. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा या नावाने ती १९७३ मध्ये सुरू झाली.

ज्यांनी ही शर्यत कधी पाहिली नाही त्यांनी तिचे गुण कसे मोजतात ते आधी समजून घ्यावं. पहिल्या क्रमांकाचा एक गुण, दुसऱ्याचे दोन, चाळिसाव्याचे चाळीस. संघातल्या ठरलेल्या धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकला. अमेरिकी महाविद्यालयांत पाच जण मोजतात. त्यामुळे एक तेजस्वी पोरगा घेऊन संघ जिंकत नाही. पाचवा धावपटू, जो स्वतः कधी पदक घेणार नाही, तो सहाव्या क्रमांकावर येतो की साठाव्या, यावर सगळं ठरतं. चांगला प्रशिक्षक ओळखायचा तो या पाचव्यावरून. कोलोरॅडोतल्या अलामोसा या सुमारे २३०० मीटर उंचीवरच्या गावातल्या ॲडम्स स्टेट कॉलेजचे प्रशिक्षक जो व्हिजिल यांच्या संघाने १९९२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पंधरा गुण मिळवले. एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच. त्याहून कमी बेरीज होऊच शकत नाही. हेच व्हिजिल पुढे डीना कॅस्टरचे प्रशिक्षक झाले. महाविद्यालय संपवून, पळण्याला जवळपास कंटाळून ती त्यांच्याकडे आली होती. २००४ मध्ये अथेन्सच्या मॅरेथॉनमध्ये ती तिसरी आली, एकतिसाव्या वर्षी.

आपल्याकडची सुरुवात महाविद्यालयात झालीच नाही. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. अनवाणी धावणारे शेतकरी त्यांनी पाहिले, त्यांच्या वेळा पाहिल्या, आणि यांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे हे त्यांच्या मनाने घेतलं. १९२० च्या अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांच्या आसपास वेळ देत एकोणिसावे आले. सदाशिव दातारही त्या चमूत होते. त्यांना रोजचं पळणं कुणी शिकवलं, याची नोंद कुणी ठेवली नाही. विद्यापीठांचं सामायिक मंडळ १९२५ मध्ये निघालं. त्याचाच आज भारतीय विद्यापीठ संघ झाला आहे आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा तोच भरवतो. १९५६-५७ पासून विद्यापीठांसाठी मौलाना अबुल कलाम आझाद करंडक आला. पतियाळाला मोतीबाग राजवाड्यात १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था उघडली आणि प्रशिक्षक ही पदविका घेऊन करायची गोष्ट झाली. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ चा. पहिल्या तिघांत पी. टी. उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार होते आणि कुस्तीचे भालचंद्र भागवतही होते, ही गोष्ट मराठी माणसं विसरली आहेत.

शिकवण्याच्या पद्धतींचा इतिहास मात्र बाहेरचा आहे आणि तो माहीत नसला तर या पुस्तकातली निम्मी भांडणं कळणार नाहीत. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी डॉक्टरांच्या मदतीने इंटरव्हल बसवलं: ठरावीक अंतर वेगाने, नाडी उतरेपर्यंत विसावा, पुन्हा तेच. त्यांच्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ मध्ये आठशे मीटरला १ मिनिट ४६.६ सेकंदांचा विक्रम केला, तो सोळा वर्षं टिकला. स्वीडनचे गोस्टा होल्मेर मुलांना जंगलात सोडत, मन मानेल तसा वेग चढवा-उतरवा म्हणत. त्याला फार्टलेक म्हणतात आणि आपल्याकडच्या प्रत्येक सरांच्या तोंडी तो शब्द असतो. ऑस्ट्रेलियाचे पर्सी सेरुटी पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवत. एमिल झाटोपेकने इंटरव्हल इतकं वाढवलं, की १९५२ च्या हेलसिंकीत पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णं त्याच्याकडे गेली.

आणि मग न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड. बुटांच्या कारखान्यात काम करणारा, पहाटे दूध घालणारा हा माणूस स्वतःवर प्रयोग करत राहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आधी महिनोन्महिने लांब, सहज, आठवड्याला शंभर मैलांपर्यंत धावा, मग चढ, आणि वेग सर्वांत शेवटी. आठशे मीटरवाल्यालाही तेच. २ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये त्यांचा पीटर स्नेल आठशे मीटर जिंकला आणि त्याच दुपारी मरे हॅलबर्ग पाच हजार. ओरेगन विद्यापीठात १९४८ ते १९७२ अशी चोवीस वर्षं शिकवणारे बिल बोवरमन लिडियार्डना भेटून आले. पण मुलांना एक दिवस कष्टाचा आणि दुसरा हलका, ही त्यांची स्वतःची शिस्त त्यांनी सोडली नाही. जॅक डॅनियल्स या दुसऱ्या महाविद्यालयीन प्रशिक्षकाने पुढे प्रत्येकाच्या शर्यतीच्या वेळेवरून त्याच्या सरावाचे वेग काढायचे तक्ते बनवले. ते आज मोबाइलवरही मिळतात आणि त्यांचा सर्रास गैरवापर होतो.

लिडियार्ड बरोबर होते हे आता बहुतेक सगळे मान्य करतात. मग आपल्या महाविद्यालयांच्या मैदानावर चारशे-चारशेची इंटरव्हलंच का दिसतात? कारण वेळापत्रक. प्रवेश जून-जुलैत होतात, ते लांबतात. पाऊस असतो. पावसाळा सरतो न सरतो तोच आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री येते, तिच्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, आणि लगेच सत्र परीक्षा. सरांच्या हाती सहा-आठ आठवडे. इंटरव्हलने तेवढ्यात वेळ सुधारते, हे खरं आहे आणि तोच सापळा आहे. पाया घालायला सहा महिने लागतात आणि ते महिने कुणाच्याच कॅलेंडरात नाहीत. त्यात दर रविवारी कुठेतरी रोख बक्षिसांची मॅरेथॉन असते. शेतमजुराच्या मुलीला तिथले पाच हजार रुपये नको म्हणायला सरांच्या जिभेवर काय असावं? या प्रश्नाचं उत्तर संग्रहात प्रत्येकाने वेगळं दिलं आहे.

भारतातही परंपरा आहेत, फक्त त्यांना कुणी घराणं म्हटलं नाही. प्रशिक्षक इलियास बाबर यांच्या हाताखाली श्रीराम सिंग माँट्रियल ऑलिंपिकला १९७६ मध्ये आठशे मीटरच्या अंतिम फेरीत १:४५.७७ धावले. तो राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत उभा होता. त्याच ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये शिवनाथ सिंग अकरावे आले. ही सैन्याची वाट. केरळची वाट महाविद्यालयाची आहे. पालक्काडचं मर्सी कॉलेज, चंगनाशेरीचं असम्प्शन अशा ठिकाणी वसतिगृह, खानावळ आणि मैदान एका आवारात आलं. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत चारशे मीटर अडथळ्यांचं सुवर्ण जिंकणारी एम. डी. वलसम्मा ही मर्सी कॉलेजची. महाराष्ट्रात असं एकच ठाणं ठळकपणे उभं राहिलं ते नाशिकला. तेही एका माणसाभोवती. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर कविता राऊत, मोनिका आथरे, संजीवनी जाधव अशा मुली घडवल्या. संजीवनीने २०१७ मध्ये तैपेईला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य आणलं, विद्यार्थिनी असतानाच. माणूस गेला की ठाणं मोडतं, ही भीती तिथेही आहेच.

पदविका नसलेल्यांनी खचून जाऊ नये म्हणून एक नाव सांगतो. आयर्लंडचे धर्मबंधू कोल्म ओ’कॉनेल १९७६ मध्ये केनियातल्या इटेनला सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला गेले. मैदानी खेळांचं शिक्षण शून्य. मुलांकडे बघत बघत शिकले. आठशे मीटरचा विश्वविक्रमवीर डेव्हिड रुडिशा त्यांचा विद्यार्थी.

महाराष्ट्रात लांब पल्ल्यात मुली पुढे आहेत, याचं मोल त्यांच्या वाटेत काय काय होतं ते पाहिलं की कळतं. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला आठशे मीटरनंतर काही जणी दमून बसल्या, तेवढ्यावरून ऑलिंपिकमध्ये बायकांची ही शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. मॅरेथॉन १९८४ मध्ये आली, दहा हजार १९८८ मध्ये, स्टीपलचेस थेट २००८ मध्ये. जागतिक क्रॉस कंट्रीत स्त्रीपुरुषांना सारखं दहा किलोमीटर अंतर मिळालं २०१७ पासून. आपल्याकडच्या सरांना यापुढचंही बघावं लागतं: रक्तातलं लोह, पाळी चुकणं, पहाटेच्या अंधारात सोबत, घरच्यांची परवानगी, आणि लग्नाचा विषय निघाला की वडिलांशी बोलायला कोण जाणार. इथे पुरुष प्रशिक्षक आणि कोवळ्या वयाच्या मुली, यातल्या सत्तेचाही प्रश्न आहे. तो टाळलेला नाही. त्यावर मुलींनीच लिहिलं आहे.

आजच हे पुस्तक का? तीन कारणं मला महत्त्वाची वाटतात. एक, भरती. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, अग्निवीरला एक पूर्णांक सहा किलोमीटर. महाविद्यालयाच्या मैदानावरची गर्दी आता यासाठी असते. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही, घर चालवायचं असतं. पण दहा हजारसाठी जन्मलेलं पोर सोळाशेवर अडकतं आणि गणवेश मिळाला की थांबतं. दुसरं, उत्तेजकं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडा या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे अधिकारी आल्याचं कळताच खेळाडू मैदान सोडून गेले, शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. सिरिंज सापडण्याआधी कुठेतरी एखाद्या सरांची नजर चुकलेली असते, किंवा चुकवलेली. तिसरं कारण आशेचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथ्या वर्षाचा पर्याय जोडला. प्राध्यापक त्यावर कुरकुरत असतील, पळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र गेल्या कित्येक वर्षांत इतकं मोठं दान पडलेलं नाही.

मी हे रायपूरच्या गुढियारीतून लिहितो. पुण्या-नाशिकच्या वाचकाला हे गाव नकाशावर शोधावं लागेल, पण नातं जुनं आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस इथे आहे, आणि इथली महाविद्यालयं १९४६ पर्यंत नागपूर विद्यापीठाचीच होती. मग सागर विद्यापीठाकडे गेली, १९६४ मध्ये रविशंकर विद्यापीठ झालं. गुढियारी म्हणजे रेल्वेच्या पलीकडे धान्याचा ठोक बाजार. ट्रकांची वर्दळ सुरू होण्याआधी जे पळून होईल ते होईल. सगळ्यात ओळखीचं मोकळं मैदान दहीहंडीच्या नावाने ओळखलं जातं. कोट्याच्या विवेकानंद स्टेडियमवर सिंथेटिक ट्रॅक आहे, तो जवळच. उंची समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत, चढ शोधून सापडत नाही, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला भिडतो. पण शहराबाहेर भाटा जमीन आहे, लाल मुरमाड, पावसाचं पाणी धरून न ठेवणारी. क्रॉस कंट्रीला याहून चांगली जमीन मला माहीत नाही. शेजारची काळी कन्हार मात्र बुटाला अशी चिकटते, की किलोमीटरभरात पाय दुप्पट जड होतात. कुठल्या आठवड्यात पोरांना कुठल्या मातीवर न्यायचं, हे इथल्या सरांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. अशी माहिती लिहून ठेवावी, एवढ्या हेतूने मी मजकूर जमवायला लागलो आणि तो वाढत गेला.

पुस्तकात प्रशिक्षकांच्या मुलाखती आहेत, काहींनी उघडून दिलेल्या सरावाच्या वह्या आहेत आणि धावणं सोडलेल्यांचे लेख आहेत. हा शेवटचा भाग मी आग्रहाने मिळवला, कारण ज्यांचं जमलं त्यांच्याकडून सरांची अर्धीच परीक्षा होते. कमी पल्ल्याच्या वेगाच्या शर्यती, उड्या आणि फेकी घेतलेल्या नाहीत, त्यांचं शास्त्र वेगळं. पदकांची यादी मुद्दाम दिलेली नाही. मतं एकमेकांना छेदतात तिथे तशीच ठेवली आहेत. एकजण रविवारच्या लांब धावेला धर्म मानतो, दुसरा म्हणतो उपाशी पोटी वीस किलोमीटर पळवणं पाप आहे, आधी खानावळ सुधारा. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे.

वाचकांना, विशेषतः नव्याने रुजू झालेल्या सरांना, एकच विनंती. वह्यांमधले तक्ते आपल्या मुलांना जसेच्या तसे लावू नका. ते त्या मुलांचे, त्या मातीवरचे आणि त्या वर्षीच्या पावसातले आहेत. प्रत्येक तक्त्याच्या खाली, तो धावपटू पुढच्या वर्षी पळत होता की नव्हता, हे नोंदवलेलं आहे. आधी ती ओळ वाचा, मग तक्ता.

गुढियारी, रायपूर